नथू आबांचा साधा फोटो

संपादकांचा निरोप आला की तुम्ही इतकी वर्षं नाशकात स्टुडिओ चालवलात, तर मोठमोठ्या माणसांचे फोटो काढल्याच्या आठवणी लिहा. मी फोटो काढलेला सगळ्यात मोठा माणूस म्हणजे सव्वासहा फुटांचा एक पैलवान. त्याचं डोकं फोटोत मावलं नाही. तेव्हा त्या आठवणी राहू देत. मला साधा फोटो काढता येत नव्हता, त्याची हकीकत सांगतो. ती सांगण्यात हात दाखवून अवलक्षण आहे, पण आता धंदा बंद आहे आणि बिघडण्यासारखं नाव काही उरलेलं नाही.

सत्तरच्या दशकात माझा स्टुडिओ पंचवटीत होता, भाजीबाजाराला लागून असलेल्या एका बोळात. खाली स्टुडिओ, वर आमचं घर. आत भिंतभर रंगवलेला पडदा. त्यावर तळं, तळ्यात दोन हंस आणि मागं एक संगमरवरी जिना. हा जिना कुठंच जात नव्हता, पण गिऱ्हाईक त्याच्या पायथ्याशी उभं राहिलं की राजेशाही वाटायचं. शिवाय एक कोट, तीन टाय, कंगवा आणि पावडरचा डबा. कोट एकच असल्यामुळे आमच्या भागातल्या निम्म्या नवरदेवांचे खांदे फोटोत अगदी एकसारखे आहेत.

पण माझी खरी मिजास होती ती रिटचिंगवर. हल्लीच्या पिढीला हे सांगावं लागतं. तेव्हा आम्ही मोठ्या आकाराची निगेटिव्ह वापरायचो. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं. फोटोत जी सुरकुती काळी दिसते, ती निगेटिव्हवर पारदर्शक रेघ असते. ती निगेटिव्ह काचेवर ठेवायची, मागून उजेड घ्यायचा, वर चिकट द्रावणाचा बोटानं हलका हात फिरवायचा आणि सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीनं ती रेघ हळूहळू भरत जायची. रेघ भरली की फोटोतली सुरकुती गेली. असेच देवीचे व्रण जायचे, डोळ्यांखालची काळी वर्तुळं जायची. पेन्सिल जरा जास्त फिरली की माणूसही जायचा आणि दुसराच कुणी तिथं बसलेला असायचा.

मला ती जरा जास्तच फिरवायची सवय होती. एकदा मुलाकडची मंडळी मी काढलेला एका मुलीचा फोटो घेऊन दुकानात आली. म्हणाली, मुलगी बघून आलो, ती काही पसंत नाही, पण ही फोटोतली पसंत आहे, हिचा पत्ता द्या. ही गोष्ट मी वर्षभर भेटेल त्याला अभिमानानं सांगितली. त्या मुलीला काय वाटलं असेल, हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही.

अशा या कारागिराकडे, अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशीच्या सुमारास, एक दिवस नथू आबा आले.

पांढरं धोतर, टोपी, खांद्यावर उपरणं, हातात कापडी पिशवी. वय साठीच्या पुढं. सटाण्याकडच्या एका खेड्यातून सकाळच्या एसटीनं आले होते. पिशवीतून त्यांनी एक छापील अर्ज काढला. सरकार म्हाताऱ्या कलावंतांना मानधन देत असे, त्याचा तो अर्ज. त्याला फोटो लावायचा होता.

"भाऊ, माले साधा फोटू पाहिजे," ते म्हणाले. त्यांची बोली अहिराणी. "एकदम साधा. मी जसा शे, तसा."

मी म्हटलं, त्यात काय अवघड आहे, बसा. आणि हंसांपुढं स्टूल ठेवलं.

आबा बसले. मी काळ्या कापडात डोकं घालून पाहतो तर त्यांची मान डावीकडं कलली होती, नजर खाली झुकली होती आणि उजव्या हाताचं एक बोट हनुवटीला लागलं होतं. टोपीवाला साठीचा म्हातारा नव्या नवरीसारखा लाजत होता. मी बाहेर येऊन मान सरळ केली. पुन्हा कापडात शिरलो, तर मान पुन्हा तिथंच. असं चार-पाचदा झालं.

"माले साधं बसता येस नही भाऊ," आबा ओशाळून म्हणाले. "तीस वरीस मी राणीच व्हतू."

मग कळलं. आबा तमाशाच्या फडात बायकांची कामं करत. वगात राणी असली की ती आबाच. फोटो काढणारा समोर आला की अंगातली राणी आपोआप जागी व्हायची. फड मोडून दहा-बारा वर्षं झाली होती. गावात आता त्यांना कुणी कलावंत म्हणत नव्हतं. जे म्हणत ते चारचौघांत सांगण्याजोगं नव्हतं. मुलगा शाळेत मास्तर. त्यानं हा अर्ज भरायलाही नकार दिला होता. मास्तरचा बाप राणी व्हायचा हे सरकारला कशाला कळवायचं, असं त्याचं म्हणणं. शेवटी अर्ज पोस्टमास्तरांनी भरून दिला.

"पैसासाठे नही," आबा म्हणाले. "सरकारना शिक्का राहीन, वर कलावंत लिखेल राहीन. तो कागद उना का मना पोऱ्याकडून वाची लेसू."

हे सगळं मी 'हं, हं' करत ऐकलं. माझं लक्ष त्यांच्या गालावरच्या सावलीकडं होतं. काय सुरेख चेहरा होता! उंच गाल, रेखीव भुवया, पण त्यावर सुरकुत्यांचं जाळं. माझे हात तेव्हाच शिवशिवायला लागले.

कसाबसा एक सरळ फोटो मिळाला. तो धुऊन मी जो रिटचिंगच्या टेबलावर बसलो, तो दोन दिवस उठलो नाही. कपाळावरच्या आठ्या गेल्या. डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या बारीक रेघा गेल्या. गळ्यावरची लोंबती कातडी गेली. डाव्या नाकपुडीवर ज्वारीच्या दाण्याएवढा काळा डाग दिसत होता. फोटो घेताना निगेटिव्हवर धुळीचा कण बसला असेल, असं म्हणून तोही बुजवला. बायको चहा घेऊन आली, तिनं वाकून पाहिलं आणि विचारलं, "हे कोण? आबांचे धाकटे भाऊ का?" मी ते कौतुक समजलो आणि खूश झालो.

आबा फोटो न्यायला आले. बराच वेळ हातात धरून बघत राहिले. मग "चांगला शे," एवढंच म्हणून पिशवीत घालून गेले. शहाण्या माणसानं त्या "चांगला शे"चा अर्थ लावला असता. मी पुढच्या गिऱ्हाइकाला टाय बांधत होतो.

दोन-तीन महिन्यांनी ते पुन्हा दारात. अर्ज परत आला होता. त्याला एक चिठ्ठी जोडलेली होती. फोटोतली व्यक्ती वयाच्या अटीत बसत नाही. आणि अर्जात ओळखीची खूण लिहिली आहे 'डाव्या नाकपुडीस मोठे छिद्र', ती फोटोत आढळत नाही. म्हणजे फोटो दुसऱ्याच कुणाचा तरी आहे. अर्जदारानं खुलासा करावा, नाहीतर अर्ज निकाली काढण्यात येईल. खुलाशाची तारीख दुसऱ्या दिवसाची होती.

मी आबांच्या नाकाकडं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. फोटोग्राफर म्हणून मी ते पूर्वी तासभर न्याहाळलं होतं, पण पाहिलं मात्र नव्हतं. भोक होतं. तीस वर्षं जड नथ वागवून ते ओघळून मोठं झालेलं होतं.

आबा रागावले असते तर बरं झालं असतं. ते स्टुलावर बसून शांतपणे म्हणाले, "तू मनी जवानी वापस दिन्ही भाऊ. पन मना नाकनं भोक कथं गयं?"

धुळीचा कण वाटला, असं म्हणायची लाज वाटली.

"मना आगोदर तीन भाऊ गयात," ते म्हणाले. "मनी मायनी मनं नाक टोचं, नथ घाली. मरनले वाटनं, पोर शे, जाऊ दे. म्हनीसन मी जगनू."

आधीची मुलं दगावली की पुढच्या मुलाचं नाक टोचून त्याला मुलगी भासवायचं आणि नाव नथू ठेवायचं, ही रीत आपल्याकडे पुष्कळांना माहीत असेल. मलाही होती. नथू या नावाची माणसं मी आयुष्यभर पाहिली होती. पण त्या नावामागं एक घाबरलेली बाई असते, जिनं तीन मुलं गमावलेली असतात, हे त्या दिवशी कळलं. आणि तिनं पाडलेलं भोक मी पेन्सिलीनं बुजवलं होतं, वर शाबासकीची वाट पाहिली होती. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढं आबाच हसले. म्हणाले, फडाच्या मालकाला राणी पाहिजे होती, दहा पोरं उभी होती, त्यातलं माझंच नाक आधी टोचलेलं होतं. म्हणून मला काम मिळालं. तेव्हा भोक जाऊन चालायचं नाही.

दुसऱ्या दिवसाच्या आत नवा फोटो हवा होता. या खेपेला पेन्सिल नाही, पावडर नाही, हंससुद्धा नाहीत, अशी मी शपथ घेतली. पडदा गुंडाळून वर सरकवला आणि पांढऱ्या भिंतीपुढं आबांना बसवलं. पण आता उलटीच तऱ्हा. राणी येऊ नये म्हणून आबा इतके आवरून बसले की पंचनाम्याला ठेवलेल्या माणसासारखे दिसायला लागले. डोळे वटारलेले, ओठ घट्ट. मी म्हणायचो, सैल बसा. सैल बसले की मान कलायची. मी म्हणायचो, सरळ. सरळ झाले की पंचनामा. तीन निगेटिव्ह वाया गेल्या. नाचता येईना अंगण वाकडं, तसा मी कधी दिव्यांना दोष देत होतो, कधी स्टुलाला.

बायको जिन्यात उभी राहून हे बघत होती. ती म्हणाली, "आबा, खेळ संपल्यावर तुम्ही काय करायचात?"

आबांनी जरा विचार केला. म्हणाले, "तोंड पुसूत. तेल शे का?"

तिनं खोबरेल तेलाची वाटी आणि एक जुनं धोतराचं फडकं आणून दिलं. आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. तळहातावर तेल घेतलं आणि चेहऱ्यावर चोळायला लागले, कपाळापासून खाली, मग गाल, मग गळा. तोंडावर सफेद्याचा थर असावा तसे चोळत होते. मग फडक्यानं पुसायला लागले. एकदा, दोनदा, कानामागं, भुवयांच्या कडांना. कपाळावरच्या न लावलेल्या कुंकवावरून फडकं फिरवलं. नाकातली न घातलेली नथ दोन बोटांनी हलकेच काढून बाजूला ठेवली. आणि मग फडकं मांडीवर टाकून, दमलेल्या माणसासारखे, समोर बघत बसले.

तो चेहरा मला दिसला. राणी गेलेली होती आणि अजून दुसरं कुणी आलेलं नव्हतं. रोज खेळ संपला की तेवढाच वेळ हा माणूस साधा असायचा. तेलानं चेहरा चकाकत होता. चकाकणारा चेहरा म्हणजे आमच्या धंद्यात पाप, त्यावर पावडरचा हात मारल्याशिवाय बटण दाबायचं नसतं. माझा डावा हात खरंच डब्याकडं गेला होता. बायकोनं डबा उचलून पदराआड धरला. मी बटण दाबलं.

ती निगेटिव्ह मी टेबलावर नेलीच नाही. सुरकुती न सुरकुती तशीच छापली. नाकपुडीवर भोक लख्ख.

दुसऱ्या दिवशी आबांबरोबर मीही कचेरीत गेलो. गुन्हा माझा होता. टेबलापलीकडं मानधन समितीचे तीन सभासद होते. मी जुनी निगेटिव्ह खिडकीच्या उजेडात धरून पेन्सिलीचा एकेक फराटा दाखवला. मधले चष्मेवाले साहेब वाकून बघत होते.

"म्हणजे यांचं वय तुम्ही कमी केलंत?"

"हो साहेब. सवय."

"आणि नाकाचं भोक?"

"तेही मीच."

"तुम्ही डॉक्टर व्हायला हवं होतं," साहेब म्हणाले, आणि तिघंही हसले. मी हसण्याचा प्रयत्न केला.

आबा मात्र हसले नाहीत. ते पुढं झाले. कोपऱ्यात केरसुणी होती, तिची एक काडी त्यांनी मोडून घेतली, कुणाला काही न बोलता डाव्या नाकपुडीच्या भोकातून आरपार घातली आणि तशी ठेवून ताठ उभे राहिले. खोलीतलं हसू थांबलं. साहेबांनी अर्ज पुढं ओढला आणि त्यावर 'खूण पटली' असं लिहून सही केली.

काही महिन्यांनी आबांचं कार्ड आलं की कागद आला. मला फार आनंद झाला. पुढं ते नाशकात आले तेव्हा मी पहिलं हेच विचारलं, मुलानं वाचला का?

"वाचा," आबा म्हणाले. "मनमा वाचा. आनि घडी घालीसन परत दिन्हा."

मोठ्यानं नाही वाचला.

पुढं सगळ्यांच्या लग्नात व्हिडिओ शूटिंगचं खूळ शिरलं आणि उसनवारी करून मीही व्हिडिओ कॅमेरा घेतला. खांद्यावर कॅमेरा, दुसऱ्या खांद्यावर टेपचं यंत्र, मध्ये केबल आणि कमरेला बॅटरी. हे सगळं चढवलं की मी स्वतःच सोंगासारखा दिसायचो. पण माझ्या मनात एक होतं. आबांचं एक साधं चित्रण करायचं. गाणं नाही, नाच नाही, नुसता हलता-बोलता माणूस. म्हणून एका सुट्टीच्या दिवशी सगळं धूड एसटीत घालून त्यांच्या गावी गेलो.

आबा खूप थकले होते. अंगणात खाटेवर बसवलं. या वेळी तेल लागलं नाही, फडकं लागलं नाही. मी म्हटलं, आबा, बसा नुसते, आणि ते बसले. आता त्यांना साधं बसता येत होतं. तीन-चार मिनिटं मी तो चेहरा टिपला. डोळ्यांवर ऊन आलं तेव्हा त्यांनी हातानं आडोसा केला, तेही टिपलं. मग बटण दाबून बंद केलं, कॅमेरा मांडीवर घेतला आणि पाणी मागितलं.

पाणी घेऊन मुलगा आला. मास्तर. तेव्हा चाळिशीचा असेल. इतका वेळ तो दाराआडून बघत होता. मला तांब्या दिला आणि तिथंच उभा राहिला. मग माझ्याकडं न बघता बापाला म्हणाला, "आबा, एकदाव राणी करी देखाडा ना."

आबांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "आते? या उमरमा? लोके हासतीन."

"हासू द्या." मास्तरचा आवाज बदलला. "मी धाकला व्हतू तवय शाळामा पोरे माले राणीना पोऱ्या म्हनेत. म्हनीसन मी तुमनं काम कधी देखंच नही. एकदाव तरी देखाडा."

आबा खाटेवरून उठले, उपरणं खांद्यावरून काढलं. मी घाईघाईनं कॅमेरा उचलला, बटण दाबलं आणि डोळा लावला.

त्यांनी उपरणं डोक्यावरून घेतलं आणि एका हातानं त्याची कड धरली. एवढंच केलं. आणि त्या शेणानं सारवलेल्या अंगणात राणी उभी राहिली. चार पावलं चालली, वळली, मान कलली, नजर झुकली. रुसलेल्या राणीचं एक लांबलचक भाषण आबांनी म्हटलं, मध्ये एकदाही अडखळले नाहीत. मास्तर अंगणात खालीच मांडी घालून बसला होता आणि पहिल्या रांगेतल्या पोरासारखा तोंड उघडं ठेवून बघत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. डोळ्यांत पाणी आलं म्हणून काचेतल्या कोपऱ्यातला, चित्रण चालू असल्याचा बारीक लाल दिवा मला दिसला नाही.

तो लागलेला नव्हता.

व्हिडिओच्या कॅमेऱ्याला बटण एकच. एकदा दाबलं की सुरू, पुन्हा दाबलं की बंद. मी बंद करताना अंगठा दोनदा पडला होता. म्हणजे मला बंद वाटलं तेव्हा ते सुरू राहिलं आणि राणी सुरू करायला दाबलं तेव्हा बंद झालं. लग्नाच्या शूटिंगमध्ये हे सगळ्यांचंच कधी ना कधी होतं, अक्षता जातात आणि मांडवाचं छत येतं. घरी येऊन टेप लावली तेव्हा कळलं. आबांचा चेहरा आहे, ऊन आहे, हाताचा आडोसा आहे. मग कॅमेरा मांडीवर उलटा, आणि बराच वेळ माझ्या चपला. डावीचा अंगठा तुटून तारेनं बांधलेला. त्यावर नुसते आवाज. आणि आबा उठल्याचा आवाज येतो तिथं टेप संपते.

मी हे त्यांना कळवलं नाही. पुन्हा जाऊ, पुन्हा करू, असं म्हणत दिवस काढले. दिवाळी झाली, संक्रांत झाली. आणि आबा गेल्याचं पत्र आलं.

तेरावा झाल्यावर मास्तर नाशकात आले. डोकं भादरलेलं. स्टुडिओत स्टुलावर बसून म्हणाले, "आबांची ती राणी मला बघायची आहे. घरात सगळ्यांना दाखवायची आहे. टेप द्याल का?"

मी खरं काय ते सांगितलं. रिटचिंगच्या वेळी निदान कचेरीत जाऊन गुन्हा कबूल करता आला होता, आता कुठल्या कचेरीत जाणार? मास्तर म्हणाले, जे आहे ते लावा.

मी टेप लावली. बायकोही येऊन जिन्यात उभी राहिली. आबांचा साधा चेहरा आला, मास्तर पुढं सरकून बसले. मग माझ्या चपला आल्या. मी शरमेनं खाली पाहिलं, तर पायात त्याच चपला. आणि टीव्हीतून मास्तरांचा स्वतःचा आवाज आला. "आबा, एकदाव राणी करी देखाडा ना." मग आबांचं "आते? या उमरमा?" मग पुन्हा मास्तरांचं ते शाळेतलं. मग खाट करकरली आणि पडदा निळा झाला.

मी उठून टीव्ही बंद करायला गेलो. म्हटलं, "मास्तर, मला क्षमा करा. पुढचं राहिलं."

मास्तर निळ्या पडद्याकडंच बघत होते. माझ्याशी ते नेहमी शाळेतलं शुद्ध मराठी बोलत. त्या दिवशी नाही बोलले.

"राहू द्या भाऊ," ते म्हणाले. "पुढनं माले याद शे."